माकडहाडाचे दुखणे आणि त्याच्या उपचाराचा इतिहास



काही दुखणी अशी असतात की ती चारचौघांत सांगता येतात. डोके चढले, गुडघा धरला, मान अवघडली, तर आपण पारावर बसून मोकळेपणाने सांगतो आणि ऐकणारा दहा उपाय सुचवतो. पण पाठीचा कणा जिथे संपतो, दोन्ही कुल्ल्यांच्या मधल्या फटीत, तिथे ठणकू लागले की माणूस गप्प होतो. पुरुष म्हणतो, "कंबर दुखतीया." बाई तर तेवढेही म्हणत नाही. ती चुलीपुढे एका अंगावर बसते, लग्नाच्या पंगतीत जेवण अर्धे टाकून उठते, एस.टी.त जागा मिळाली तरी दांडा धरून उभी राहते. कुणी विचारले तर म्हणते, "काही नाही, उभं राहिलं की बरं वाटतं."

या दुखण्याला आपण माकडहाडाचे दुखणे म्हणतो. आज त्याचा इतिहास सांगायचा आहे. आपल्याला वाटेल, इतिहास राजांचा असतो, लढायांचा असतो, किल्ल्यांचा असतो. एवढ्याशा हाडाचा कसला इतिहास? पण ज्या दुखण्याची लाज वाटते त्याच्यावर माणसाने काय काय केले, हे पाहिले तर त्यातून आपल्या घरच्या माणसाचे दुखणे ओळखायला शिकता येते. म्हणून थोडा वेळ द्या.

आधी हे हाड म्हणजे काय ते पाहू. पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या टोकाला तीन ते पाच लहान मणी एकमेकांना जोडलेले असतात. बहुतेकांत ते चार असतात. वर रुंद, खाली निमुळते आणि पुढच्या बाजूला किंचित वाकलेले असे हे हाड असते. माकडाला जिथे शेपूट फुटते ती ही जागा, म्हणून आपल्या लोकांनी त्याला माकडहाड म्हटले. ग्रीक वैद्यांना त्याचा आकार कोकिळेच्या जातीच्या पक्ष्याच्या चोचीसारखा दिसला. त्यांच्या भाषेत त्या पक्ष्याला 'कोक्किक्स' म्हणत, आणि त्यावरूनच इंग्रजीतले 'कॉक्सिक्स' हे नाव आले. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात श्रोणीची म्हणजे कमरेच्या घेराची पाच हाडे मोजली आहेत, आणि त्यांत गुदाशी असलेले एक हाड वेगळे सांगितले आहे. म्हणजे एवढेसे हाड, पण जुन्या वैद्यांच्या नजरेतून ते सुटले नव्हते.

आता त्याचे काम. आपण ताठ बसतो तेव्हा अंगाचा भार मुख्यतः कुल्ल्यांखालच्या दोन टणक हाडांवर येतो. हात खाली घालून पाहिलेत तर ती दोन्ही हाडे बोटांना लागतील. पण आपण मागे रेललो, पाठ गोल करून तक्क्याला टेकून घसरून बसलो, की भार मागे सरकतो आणि माकडहाड चिरडू लागते. शिवाय ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गर्भाशय आणि आतड्याचा शेवटचा भाग ती तोलून धरते. बाळाची झोळी जशी आढ्याला बांधतात, तशी या झोळीची मागची गाठ माकडहाडाला बांधलेली असते. ही उपमा ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

हाड दुखते कशाने? पाय घसरून ढुंगणावर आपटल्याने, बाळंतपणात मूल खाली सरकताना हाडावर ताण आल्याने, खाचखळग्यांतून रोज बसणाऱ्या हादऱ्यांनी, किंवा वर्षानुवर्षे वाकडे बसल्याने. कधीकधी कारण सापडतच नाही. स्त्रियांत हे दुखणे पुरुषांच्या सुमारे पाचपट आढळते असे वैद्यकाच्या पुस्तकांत सांगतात. ज्यांना ते जास्त होते त्यांनाच ते सांगण्याची चोरी, ही यातली खरी अडचण आहे.

जुन्या काळात यावर काय करीत? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वेदाचे, म्हणजे शेकाचे, तेरा प्रकार दिले आहेत. त्यांतला एक अवगाह, म्हणजे ऊन पाण्यात किंवा काढ्यात बसून घेतलेला शेक. आपल्या गावागावांत सुईणीने हीच विद्या आपल्या पद्धतीने चालवली. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी, अंगाला तेलाचे मर्दन, कढत पाण्याची आंघोळ. धुरामुळे आणि कोंडलेल्या खोलीमुळे त्यातून त्रासही झाला, ते आज करू नये. पण ऊब दिली की आखडलेले स्नायू सैल होतात, एवढे मर्म त्या बायांना कळले होते. आणि दुसरी गोष्ट अशी की सुईणीला दुखणे सांगायला बाळंतिणीला लाज वाटत नसे.

युरोप-अमेरिकेत मात्र एकोणिसाव्या शतकात गोष्टीने वेगळे वळण घेतले. तिथल्या शल्यवैद्यांचा तर्क सरळ होता: हाड दुखते ना, मग हाडच काढून टाका! अमेरिकेतील अलाबामा प्रांतातल्या जोसाया नॉट या डॉक्टराने माकडहाड कापून काढल्याची हकीकत १८४४ साली प्रसिद्ध केली. श्रोतेहो, तारीख नीट पाहा. ईथरची भूल देऊन शस्त्रक्रिया करता येते हे बोस्टन शहरात जगाला दाखवले गेले १८४६ साली. म्हणजे ही शस्त्रक्रिया भूल जगापुढे येण्याच्या आधीची. जिच्यावर ती झाली तिने काय सोसले असेल याची कल्पनाच केलेली बरी. आणि त्या दुखण्याने माणूस किती टेकीला येतो, हेही त्यावरून कळते.

पुढे स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे जेम्स यंग सिम्प्सन नावाचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक होते. १८४७ साली क्लोरोफॉर्मची भूल वापरात आणणारे ते हेच. बाळंतिणींच्या वेदना त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. १८५९ साली त्यांनी या दुखण्याला 'कॉक्सिगोडिनिया' असे नाव दिले. त्याचा अर्थ साधा आहे, माकडहाडाची वेदना. नाव दिल्याने काय होते, असे कुणी विचारील. नाव मिळाले की दुखण्याला वैद्याच्या वहीत जागा मिळते, आणि "हिला काही झालेले नाही" असे म्हणणे अवघड होते. सिम्प्सन यांनी आणखी एक बरोबर गोष्ट हेरली: हाडाला जोडलेले स्नायू ओढ घेतात आणि त्या ओढीने दुखते. पण ओढ सोडवायची कशी? त्यांनी कातडीखालून पाते घालून त्या स्नायूंची जोडणी कापली, आणि तेवढ्याने भागले नाही तर हाड काढले. निदान पुढे गेले, उपाय मात्र शस्त्राचाच राहिला.

या शस्त्रक्रियांची पुढे चाल पडली. काहींना गुण आला, काहींना आला नाही. जागा मळाजवळची, त्यामुळे जखम चिघळण्याचे भय मोठे. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसरेच टोक गाठले गेले. हाड काढूनही बाई कण्हते, फोटोत काही दिसत नाही, तेव्हा दुखणे हिच्या मनात आहे, असे डॉक्टर मंडळी म्हणू लागली. आपल्याकडे "नाटक करते", "कामाचा कंटाळा आला" असे घरातली माणसे म्हणतात, तेच तिकडे मोठमोठ्या पदव्यांच्या भाषेत म्हटले गेले. मला वाटते, या सगळ्या इतिहासातला सर्वांत दुःखाचा भाग शस्त्राचा नाही, हा अविश्वासाचा आहे. शस्त्राची जखम महिन्या-दोन महिन्यांत भरते. आपले दुखणे कुणी खरे मानीत नाही, ही जखम लवकर भरत नाही.

यातून वाट काढली ती हाताने. ती गोष्ट थोडी मागून सांगावी लागेल. १८१३ साली स्वीडनमध्ये पेर हेन्रिक लिंग यांनी स्टॉकहोम येथे व्यायामाची एक मध्यवर्ती संस्था काढली. तिथे रोग्यासाठी व्यायाम आणि अंगमर्दन यांचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळू लागले. १८९४ साली लंडनमध्ये चार स्त्रियांनी प्रशिक्षित मर्दन करणाऱ्या स्त्रियांचा संघ स्थापन केला. त्या काळी मर्दनाच्या नावाखाली गैरधंदे चालत, त्यामुळे या कामाची बदनामी झाली होती. ते काम प्रतिष्ठेचे करावे, त्याला परीक्षा आणि नियम असावेत, हा त्यांचा हेतू. पुढे पहिले महायुद्ध आले, हजारो जखमी सैनिक परतले, आणि हात, पाणी, ऊब व व्यायाम यांनी माणूस उभा करण्याची ही विद्या रुग्णालयात पक्की झाली. तिलाच आपण आज भौतिकोपचार किंवा फिजिओथेरपी म्हणतो.

१९३७ साली अमेरिकेतील कॅन्सस सिटीचे डॉक्टर जॉर्ज थीले यांनी माकडहाडाच्या दुखण्यावर एक महत्त्वाचा लेख लिहिला. त्यांनी सांगितले की पुष्कळ रोग्यांत हाड धडधाकट असते, पण त्याला बांधलेली स्नायूंची झोळी आखडून गोळा झालेली असते. आता मघाची उपमा आठवा. झोळी ताणली की गाठीवर ओढ येते; मग आपण गाठ कापायची की झोळी सैल करायची? सिम्प्सन यांनी गाठ कापली होती. थीले यांनी हातमोजा घालून गुदमार्गातून बोटाने त्या स्नायूंना हळूहळू मर्दन केले आणि झोळी सैल केली. जोडीला त्यांनी रोग्याच्या बसण्याकडे लक्ष दिले. १९६३ साली त्यांनी पुन्हा लिहिले तेव्हाही वाईट बसणे हे मोठे कारण म्हणून पुढे ठेवले. त्याच सुमारास अमेरिकेत घरोघर दूरचित्रवाणी आली होती, आणि मऊ कोचात तासन् तास घसरून बसण्याने होणाऱ्या या दुखण्याला काही डॉक्टर टेलिव्हिजनचा रोग म्हणू लागले होते. आज आपल्या हातात मोबाईल आहे; नाव बदला, बसणे तेच.

पुढचा टप्पा पॅरिसचा. तिथल्या ओतेल-द्यू या रुग्णालयातील डॉक्टर झाँ-इव्ह मेन यांनी १९९० नंतरच्या काळात एक साधी युक्ती केली. तोपर्यंत माकडहाडाचा क्ष-किरण फोटो रोग्याला निजवून किंवा उभे करून काढीत. पण दुखते तर बसल्यावर! मेन यांनी उभ्याचा एक आणि बसलेल्या स्थितीतला एक असे दोन फोटो काढून ते ताडून पाहिले. तेव्हा दिसले की काही जणांत बसताच हाड जागचे फार हलते, काहींत ते मुळीच हलत नाही. ज्यांना "फोटोत काही नाही" म्हणून परत पाठवले होते, त्यांतल्या कित्येकांच्या दुखण्याचा पुरावा त्यामुळे हाती आला. त्यांनीच २००६ साली १०२ रोग्यांवर हाताने करायच्या उपचाराची कसोटी पाहिली. एका महिन्यानंतर हा उपचार घेतलेल्यांपैकी शंभरातल्या ३६ जणांना चांगला गुण होता, न घेतलेल्यांपैकी २० जणांना. सहा महिन्यांनी हेच आकडे २२ आणि १२ असे होते. म्हणजे हाताला यश आहे, पण हात म्हणजे जादू नव्हे. कुणी "एका झटक्यात हाड बसवतो" म्हणाला, तर हे आकडे ध्यानात ठेवावेत.

आता ही विद्या आपल्या मुलखात कशी आली ते पाहू. १९२४ साली स्वामी कुवलयानंद यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम ही संस्था काढली आणि उड्डियान, नौली अशा क्रिया करताना पोटाच्या आत दाबात काय फरक होतो, हे यंत्रे लावून तपासायला सुरुवात केली. आसनांचा शरीरावर परिणाम मोजून पाहावा, हा विचार त्यामुळे आपल्याकडे रुजला. १९४७ साली मुंबईत फातेमा इस्माईल या बाईंनी पोलिओ झालेल्या मुलांसाठी उपचारकेंद्र उघडले. त्यांच्या स्वतःच्या मुलीला पोलिओ झाला होता. पोलिओमुळेच भौतिकोपचार शिकलेल्या माणसांची निकड सरकारला जाणवली. १९५३ च्या सुमारास मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराची शाळा सुरू झाली. आपल्या देशात या विषयाचे रीतसर शिक्षण तिथून चालू झाले. २०२१ साली संसदेने जो कायदा केला, त्याने भौतिकोपचाराच्या धंद्याला देशभर एका आयोगाच्या नियमांखाली आणले.

आणि परभणी? हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत, हैदराबाद संस्थानात होता. मोठे रुग्णालय म्हणजे रेल्वेने हैदराबाद गाठायचे. १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, आणि त्याच वर्षी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, वैद्यकीय महाविद्यालय निघाले. पुढे १९७४ साली अंबाजोगाई, १९८८ साली नांदेड, आणि २०२३ साली खुद्द परभणी. हैदराबादपासून परभणीपर्यंत हे अंतर तुटायला पाऊणशे वर्षे लागली. तोवर जिंतूर-पालमच्या खेड्यातल्या बाईला सुईण होती, हाडवैद्य होता, आणि सोसणे होते. आज जिल्ह्याच्या गावी भौतिकोपचार करणारे मिळतात. म्हणजे रस्ता झाला. आता अडचण उरली आहे ती तोंड उघडण्याची.

आपल्या जिल्ह्यातल्या बसण्याकडेही जरा पाहू, कारण उपायाची निम्मी वाट तिथेच आहे. आपण जमिनीवर बसणारी माणसे. ताठ मांडी घातली तर भार त्या दोन हाडांवर राहतो आणि माकडहाडाला फारसा त्रास होत नाही. खुरपणीला उकिडवे बसतो तेव्हा बूड जमिनीला टेकतच नाही. गंगाखेड हे जनाबाईचे गाव, आणि जनाबाई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जाते येते. जात्यावर बसलेली बाई एका जागी थिजून बसत नाही. ती खुंट्याबरोबर पुढे-मागे झुलते आणि भार सारखा हलता राहतो. जाते दळून बाईचे हात आणि पाठ भरून येत, ते कष्ट पुन्हा यावेत असे मी म्हणणार नाही. पण "एका जागी घट्ट बसू नका, हलते राहा" हा जो सल्ला आज डॉक्टर देतात, तो तिच्या बसण्यात होता. याउलट तक्क्याला रेलून घसरून बसणे, खाटेच्या झोळात पाठ गोल करून बसणे, काळ्या रानातल्या गाडीवाटेने बैलगाडीच्या पाटीवर किंवा ट्रॅक्टरच्या कडक बैठकीवर दिवसभर हादरे खाणे, मोटारसायकलवर मागे तिसऱ्या जागी बसून खड्ड्यांचा रस्ता काटणे, ही सगळी माकडहाडाची शत्रू.

मग करायचे काय? भौतिकोपचाराने आजवर जे शिकवले त्याचा सार असा आहे.

पहिली गोष्ट, हाडावरचा भार काढा. पुष्कळ जण घागरीच्या चुंबळीसारखी गोल गादी घेतात. पण चुंबळीची मागची कड नेमकी हाडाखाली येऊ शकते. त्यापेक्षा मागच्या बाजूने खाच असलेली गादी बरी, म्हणजे माकडहाड अधांतरी राहते. विकत आणायला नको: जुन्या वाकळीच्या दोन जाड घड्या करा, एक उजव्या कुल्ल्याखाली, एक डाव्या, आणि मागे मध्ये चार बोटे जागा मोकळी ठेवा. बसताना किंचित पुढे झुका. उठतानाही आधी पुढे वाका आणि मग उठा. या दुखण्यात उठतानाच कळ मारते. अर्ध्या तासाच्या आत एकदा उठून चार पावले चाला.

दुसरी गोष्ट, ऊब. सोसेल इतक्या कोमट-ऊन पाण्यात टबात किंवा मोठ्या घंगाळात दहा-पंधरा मिनिटे बसावे. पाणी आधी हाताने पाहावे. मधुमेहाने ज्याची कातडी बधिर झाली आहे त्याने तर दुसऱ्याला पाहायला सांगावे. ओली बाळंतीण असेल, टाके असतील, तर डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना विचारल्याशिवाय पाण्यात बसू नये.

तिसरी गोष्ट, झोळी सैल करणे. उताणे निजा, एक गुडघा दोन्ही हातांनी छातीकडे घ्या, वीस-तीस आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा, मग दुसरा. नंतर एका पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून तो पाय हळूच छातीकडे ओढा. कुल्ल्यात ताण जाणवेल. मग गुडघे वाकवून निजा आणि पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घ्या. श्वास आत येताना पोट फुगते आणि त्याच वेळी खालची झोळीही हळूच खाली उतरते; लघवीला बसल्यावर अंग जसे सैल सोडतो तसे तिथले अंग सैल सोडा. इथे एक सूचना. अश्विनी मुद्रेसारखे आवळण्याचे व्यायाम पुष्कळांना ठाऊक असतात, आणि सैल पडलेल्या झोळीसाठी ते चांगलेही आहेत. पण माकडहाडाच्या दुखण्यात झोळी बहुधा आधीच आखडलेली असते. तिला आणखी आवळून दुखणे वाढते. आधी सोडायला शिकावे. आवळणे पुढे, आणि तेही शिकलेल्या माणसाच्या देखरेखीने. कोणताही व्यायाम करताना कळ वाढली तर तो थांबवावा.

चौथी गोष्ट, पोट साफ ठेवणे. कुंथण्याने त्याच जागेवर जोर पडतो. भरपूर पाणी, भाजी-भाकरी, हरभऱ्याची उसळ, आणि शौचाची हाक आली की टाळाटाळ न करणे, एवढे पुरे.

याने बहुतेकांना काही आठवड्यांत उतार पडू लागतो. काहींना काही महिने लागतात. उतार पडला नाही तर शिकलेल्या भौतिकोपचार करणाराकडे जावे. तो सांधा तपासतो, स्नायू हाताने सैल करतो, गरज पडली तर डॉक्टर इंजेक्शन देतात. हाड काढण्याची शस्त्रक्रिया आजही होते, पण ती सगळे करून झाल्यावर, निवडक रोग्यांतच. आतून करायची तपासणी लागलीच, तर ती कशासाठी हे आधी समजावून घ्यावे. बाईने आपल्यासोबत दुसरी बाई मागावी, आणि नको वाटले तर नको म्हणावे. तो तिचा हक्क आहे. शिक्षण नसलेल्या माणसाला मात्र आतून बोट घालून "हाड चढवू" देऊ नये.

काही वेळा घरी थांबू नये. तिथे गाठ येऊन पू येत असेल, तर तो केसतोडासारखा दुसरा रोग असू शकतो. दुसऱ्या महायुद्धात जीपगाड्यांतून फिरणाऱ्या अमेरिकन सैनिकांना तो इतका झाला की त्याला जीपचा रोग म्हणू लागले. त्याला मर्दन नव्हे, डॉक्टर लागतो. ताप, शौचातून रक्त, वजन घटणे, रात्री निजल्यावरही न थांबणारी वेदना, पायात बधिरपणा किंवा लुळेपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, यांतले काहीही दिसले की त्याच दिवशी दवाखाना गाठावा. झाडावरून किंवा गाडीवरून पडल्यानंतरचे दुखणेही आधी दाखवून घ्यावे.

शिक्षक बंधुभगिनींना एक वेगळी विनंती. वर्गात किंवा स्नेहसंमेलनात कुणी बसायला लागला की मागून खुर्ची किंवा बाक ओढायचा, आणि सगळ्यांनी हसायचे, हा खेळ पोरांत फार जुना आहे. पडणारे पोर खजील होऊन स्वतःही हसते आणि दुखणे घरी सांगत नाही. त्या एका हसण्याचे दुखणे पुढे वर्षानुवर्षे राहू शकते. हा खेळ आपल्या शाळेत होऊ देऊ नका. आणि मुलांना हाडांची नावे शिकवताना या शेवटच्या हाडाचे नावही स्पष्ट, न हसता घ्या. शाळेत ज्या अवयवाचे नाव मोकळेपणाने घेतले जाते, त्याचे दुखणे पुढे घरात सांगता येते.

दोनशे वर्षांच्या या इतिहासात या हाडावर शस्त्र चालले आणि खोटेपणाचा शिक्काही बसला. शेवटी गुण आला तो बसणे बदलून, ऊब देऊन, आखडलेले स्नायू सैल करून. आणि त्या सगळ्याच्या आधी कुणीतरी रोग्याचे म्हणणे खरे मानले म्हणून. एस.टी.त रिकामी जागा सोडून उभी राहणारी बाई आपल्या घरातली असेल, तर तिला आज एवढेच विचारा, "बसल्यावर दुखतं का गं?" आणि ती जे सांगेल त्यावर विश्वास ठेवा.